खुर्चीत बसलेला खेळाडू



या आठवड्याच्या टपालात नाशिकहून एक पत्र आलं. पत्र एका आईचं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं आहे, म्हणून छापत नाही. त्या लिहितात, ‘तुम्ही तुमच्या सदरातून प्रत्येक खेळाचं कौतुक करता. आता जरा रागवा सुद्धा. आमच्या सातवीतल्या चिरंजीवांना शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या स्नूकर पार्लरच्या दारात उभं राहायची सवय लागली आहे. आत सगळी मोठी मुलं. हा पठ्ठ्या अर्धा-अर्धा तास नुसता बघत उभा! हे काय चांगलं लक्षण आहे का?’

आणि पत्राच्या तळाशी, वेगळ्या अक्षरात, पेन्सिलीने एक ओळ आहे : ‘काका, १४७ कसे होतात?’

म्हणजे पत्र एकच, पण आईला हवी आहे कानउघाडणी आणि लेकाला हवा आहे हिशेब! दोघांनाही उत्तर देतो. पण त्याआधी तुम्हा सगळ्यांना दिल्लीला न्यायचं आहे, २०१३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात.

त्या महिन्यात दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात ‘इंडियन ओपन’ ही स्नूकरची स्पर्धा भरली होती. साधीसुधी नव्हे, व्यावसायिक खेळाडूंची मानांकन स्पर्धा. म्हणजे जिथली हार-जीत जगाच्या क्रमवारीत मोजली जाते अशी. भारतात अशी स्पर्धा पहिल्यांदाच होत होती. अंतिम सामन्यात एका बाजूला होता चीनचा डिंग जुनहुई आणि दुसऱ्या बाजूला आपल्या मुंबईचा आदित्य मेहता. तोपर्यंत एकाही भारतीय खेळाडूने मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी गाठलेली नव्हती. आदित्यने गाठली. आणि हरला. कसा? ५-०.

पाच-शून्य! आता तुम्ही म्हणाल, काका, एवढा सपाटून हरलेल्याची गोष्ट कशाला सांगता? जरा धीर धरा. आधी हा खेळ समजून घेऊ.

कॅरम तुम्ही सगळेच खेळता. कॅरममध्ये स्ट्रायकर असतो, तसा स्नूकरमध्ये पांढरा चेंडू. स्ट्रायकर बोटाने मारतात, पांढऱ्या चेंडूला क्यूने, म्हणजे लांब निमुळत्या काठीने ठोसा द्यायचा. कॅरममध्ये राणी घेतली की लगेच कव्हर घ्यावं लागतं ना? इथे जवळजवळ तशीच जोडी सारखी लावावी लागते. आधी एक लाल चेंडू पॉकेटमध्ये घालवायचा, मग एक रंगीत. पुन्हा लाल, पुन्हा रंगीत. लाल गेला तो गेला. रंगीत चेंडू मात्र पंच पॉकेटमधून काढून पुन्हा त्याच्या जागेवर ठेवतात. लाल चेंडू पंधरा, प्रत्येकाचा गुण एक. रंगीत सहा : पिवळ्याचे २, हिरव्याचे ३, तपकिरीचे ४, निळ्याचे ५, गुलाबीचे ६ आणि काळ्याचे ७. लाल संपले की हे सहाही याच क्रमाने घ्यायचे, आणि मग ते परत येत नाहीत. असा एक डाव झाला की ती झाली एक फ्रेम.

टेबल मात्र कॅरमसारखं पलंगाखाली सरकवता येत नाही हं! बारा फूट लांब, सहा फूट रुंद. हिरव्या लोकरी कापडाखाली चक्क दगडी पाट्या असतात, त्यामुळे वजन टनाच्या वर. मोठ्या स्पर्धांत तर टेबलाला खालून ऊब दिलेली असते, कारण कापडाला ओल धरली की चेंडू जड चालतो.

आता या खेळातली खरी गोम सांगतो. जोवर तुमचे चेंडू जात राहतात, तोवर पाळी तुमचीच. अशा एका दमात केलेल्या गुणांना ‘ब्रेक’ म्हणतात. आणि तुमचा ब्रेक चालू असताना समोरचा काय करतो? काहीही नाही. खुर्चीत बसतो.

क्रिकेटमध्ये तुमच्या गोलंदाजीची पिसं निघत असली तरी तुम्ही निदान चौकार अडवायला धावता. कबड्डीत सात जण मिळून पकड करता येते. स्नूकरमध्ये मात्र जाकीट घालून, गळ्याला बो बांधून, हातात क्यू धरून गप्प बसायचं. पाण्याचा घोट घ्यायचा, क्यूच्या टोकाला खडू लावायचा. समोरचा चुकेपर्यंत टेबलाजवळ जायचं नाही, काही बोलायचं नाही. तो चुकलाच नाही, तर फ्रेम संपते आणि आपण एकदाही न उठता हरलेलो असतो! कॅरममध्ये कुणी पहिल्याच हाताला बोर्ड साफ केला, व्हाइट स्लॅम केला, की समोरच्याचा चेहरा आठवा. तो चेहरा घेऊन स्नूकरचा खेळाडू दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासमोर बसलेला असतो.

हा अजब खेळ सुचला कुणाला? गंमत म्हणजे तो इंग्लंडमध्ये जन्मलाच नाही. जन्मला जबलपूरला! आपली मुंबई-हावडा मेल जाते ना, त्याच जबलपूरला. साल १८७५. तिथल्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाचा एक तरुण ब्रिटिश अधिकारी होता. (नंतर याच नावाचा एक पंतप्रधान ब्रिटनला मिळाला, तो वेगळा. इतिहासाच्या पेपरात घोळ घालू नका.) पावसाळ्याचे दिवस, बाहेर पडायची सोय नाही, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बिलियर्ड्सचं टेबल. तेच ते खेळून कंटाळा आला, म्हणून याने लाल चेंडूंमध्ये आणखी काही रंगीत चेंडू आणून ठेवले. एका मित्राचा सोपा चेंडू चुकला तेव्हा हा त्याला म्हणाला, ‘अरे, तू तर स्नूकर आहेस!’ इंग्लंडमधल्या लष्करी शाळेत नव्या, पहिल्या वर्षाच्या पोरांना चिडवायला हा शब्द वापरत. म्हणजे आपण ‘लिंबूटिंबू’ म्हणतो ना, तसाच. मग तो म्हणाला, या खेळात आपण सगळेच लिंबूटिंबू. तेच नाव खेळाला चिकटलं. ही हकिकत चेंबरलेननेच म्हातारपणी लिहून ठेवली आहे. पुढे उटीच्या क्लबात खेळाचे नियम लिहून भिंतीवर लागले, आणि अधिकाऱ्यांच्या ट्रंकांबरोबर स्नूकर साहेबाच्या देशात गेलं.

तिथे ते असं काही रुजलं, की १९२७ मध्ये व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा सुरू झाली, आणि १९७७ पासून ती शेफिल्डच्या ‘क्रूसिबल’ नावाच्या नाट्यगृहात होऊ लागली. आपल्याकडे मात्र खेळ राहिला जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या भिंतीआड. सभासद असाल तर आत या. माझ्या लहानपणी अशाच एका क्लबच्या खिडकीला नाक लावून मी उभा राहायचो, आणि पहारेकरी हाकलायचा. त्यामुळे नाशिकच्या त्या चिरंजीवांबद्दल मला जरा जास्तच माया वाटते, हे आधीच कबूल करून टाकतो.

तरीही आपल्या लोकांनी टेबल गाजवलं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय! १९८४ मध्ये ओम अगरवाल डब्लिनला हौशी स्नूकरचे जगज्जेते झाले. पण इथे ‘हौशी’ हा शब्द नीट वाचा. व्यावसायिकांचं जग वेगळं. तिथे वर्षभर स्पर्धा, वर्षभर प्रवास, आणि डोक्यावर सतत क्रमवारीची टांगती तलवार.

ही क्रमवारी कशी असते सांगतो. खेळाडूने मानांकन स्पर्धांमध्ये जे कमावलं, त्याची मागच्या दोन वर्षांची बेरीज करायची. पूर्वी त्यासाठी गुण देत. २०१४ पासून बक्षिसाचे जितके पौंड, तितकेच गुण असा सरळ हिशेब आहे. पहिल्या सोळांना क्रूसिबलला थेट प्रवेश. बाकीच्यांनी पात्रता फेऱ्या खेळून यायचं. ठरलेल्या मुदतीनंतर जे पहिल्या चौसष्टात नसतील त्यांचं व्यावसायिक म्हणून खेळायचं कार्ड जातं, नि ते पुन्हा मिळवायला नवशिक्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं. आणि बेरीज दोनच वर्षांची असल्यामुळे जुनी कमाई गळत जाते. आज मोठी स्पर्धा जिंकलात? शाब्बास! दोन वर्षांनी ते गुण तुमच्या खात्यातून पुसले जाणार. तोवर नवे मिळवले नाहीत तर खाली. शाळेत पाचवीतला पहिला नंबर आठवीत कोणी विचारत नाही ना, अगदी तसं.

शिवाय विमानाचं तिकीट, हॉटेल, सगळं खेळाडूच्या खिशातून. अनेक स्पर्धांमध्ये पहिल्याच फेरीत हरलेल्याच्या हाती काही पडत नसे. भारतात किंवा चीनमध्ये होणाऱ्या स्पर्धांची पात्रता फेरी बहुतेक वेळा इंग्लंडमध्येच होते, हे तर फारच गमतीचं. म्हणजे मुंबईच्या मुलाला हैदराबादला खेळायचं, तर आधी इंग्लंडला जाऊन एक सामना जिंकायचा!

आता दिल्लीच्या त्या दोघांकडे वळू.

डिंग जुनहुईचा जन्म १९८७ चा, चीनमधल्या यीशिंग गावचा. मुलाचा हात चांगला आहे हे वडिलांना लवकर कळलं. त्याला सराव मिळावा म्हणून घरदार विकून मंडळी दक्षिणेत राहायला गेली. पालकांनो, हे वाचून लगेच घर विकायला काढू नका! असं सगळं पणाला लावलेल्या बहुतेकांची नावं आपल्याला कधीच कळत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. डिंगचं नाव कळलं, कारण सोळाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला आणि २००५ मध्ये, अठरावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, त्याने बीजिंगला चायना ओपनच्या अंतिम सामन्यात स्टीफन हेंड्रीला ९-५ असं हरवलं. हेंड्री म्हणजे सात वेळचा जगज्जेता! पण क्रमवारीची गंमत बघा. डिंग त्या स्पर्धेत खास निमंत्रणावर खेळत होता, म्हणून त्याला मानांकनाचे गुण मिळाले नाहीत. करंडक हातात आणि खात्यावर शून्य.

आदित्य मेहता डिंगपेक्षा दीड वर्षाने मोठा. त्याचं लहानपण मुंबईतलं. २०१३ च्या उन्हाळ्यात त्याने कोलंबियातल्या काली शहरात जागतिक क्रीडा स्पर्धेत स्नूकरचं सुवर्णपदक मिळवलं होतं. ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांची ही मोठी स्पर्धा असते. आपल्याकडच्या किती वर्तमानपत्रांनी त्याची ठळक बातमी दिली, ते न विचारलेलंच बरं.

आणि दोनच महिन्यांनी दिल्ली. त्या हंगामापासून बऱ्याच स्पर्धांमध्ये १२८ खेळाडू एकदमच उतरवायला सुरुवात झाली होती. गणित करा : १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २. एवढ्यांतून शेवटच्या दोघांत यायचं तर सहा सामने जिंकावे लागतात. आणि सामनेही छोटे, चार फ्रेम जिंकल्या की संपला. छोटा सामना दुबळ्या खेळाडूला बरा, असं लोक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मोठ्या सामन्यात दोन फ्रेम वाईट गेल्या तरी सावरायला वेळ असतो. इथे खुर्चीत वीस मिनिटं बसून उठलात आणि हात थंड पडला असेल, तर तेवढ्यात खेळ खलास!

उपांत्य फेरीत आदित्यसमोर होता स्कॉटलंडचा स्टीफन मॅग्वायर, मोठमोठ्या स्पर्धा जिंकलेला कसलेला गडी. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) सामना ३-३ वर आला. सहा फ्रेम खेळून दोघेही होते तिथेच. सातवी आदित्यने घेतली. ४-३!

अंतिम सामना आधी पाच फ्रेम जिंकेल त्याचा होता, आणि समोर डिंग, तोही कुठल्या डिंगच्या रूपात! महिन्यापूर्वीच त्याने शांघायची स्पर्धा जिंकली होती. त्या हंगामात त्याने एकूण पाच मानांकन स्पर्धा जिंकल्या, एका हंगामात पाच हा हेंड्रीचा विक्रम होता, त्याची बरोबरी केली. दिल्लीची त्यातली दुसरी. आदित्यच्या वाट्याला त्या दिवशी एकही फ्रेम आली नाही. आपल्याच देशात, आपलीच माणसं बघत असताना, इतिहासातल्या पहिल्या भारतीय अंतिम सामन्याचा बराचसा वेळ त्याला खुर्चीत बसून पाहावा लागला.

इंडियन ओपन पुढे २०१५ मध्ये मुंबईला, २०१६ मध्ये हैदराबादला, २०१७ मध्ये विशाखापट्टणमला आणि २०१९ मध्ये कोचीला झाली. त्या चारही वेळा अंतिम सामन्यात भारतीय खेळाडू नव्हता. तेव्हा ५-० ने हरलेला तो सामना किती दुर्मीळ होता, ते आता तुम्हीच ठरवा.

नाशिकच्या ताई, आता तुमच्याकडे येतो. तुम्हाला काळजी वाटते ती उगाच नाही. काही पार्लरमध्ये धूर असतो, पैजा लागतात, शाळा बुडवून आलेली मुलं असतात. तसं असेल तर त्या दारात मुलगा उभा नकोच, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. पण ते दाराबद्दल झालं, खेळाबद्दल नव्हे. एकदा तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर आत जा. मालकाशी बोला. सकाळच्या वेळी शिकवतात का, कोण शिकवतं, किती घेतात, ते विचारा. बऱ्याच शहरांत आता शिकवण्याचे वर्ग आहेत. आणि या खेळातला एक रिवाज मुद्दाम सांगतो. नेम धरताना खेळाडूची बाही एखाद्या चेंडूला चुकून लागली, तर तो फाउल होतो. पुष्कळदा पंचांना ते दिसतही नाही. अशा वेळी खेळाडूने स्वतःच उभं राहून सांगायचं, ‘लागला’, आणि जाऊन खुर्चीत बसायचं, अशी या खेळाची रीत आहे. लाखो पौंडांच्या सामन्यातसुद्धा! आमच्या गल्ली क्रिकेटमध्ये कड लागून झेल गेल्यावर आपण होऊन बाहेर गेलेला मुलगा मला अजून भेटायचा आहे.

घरी टेबल घ्या असं मी म्हणणार नाही. त्यासाठी आधी भिंती पाडाव्या लागतील. अभ्यास सोडा असं तर नाहीच नाही. व्यावसायिक स्नूकरच्या पैशांचं गणित किती कठीण आहे ते वर सांगितलंच. तरीही वाट अगदी बंद नाही. मुंबईचाच इशप्रीत सिंग चढ्ढा हा तरुण २०२३ मध्ये ‘क्यू स्कूल’ या, कार्ड देणाऱ्या पात्रता स्पर्धेतून व्यावसायिक झाला.

आणि आता पेन्सिलवाल्या दोस्ता, तुझे १४७.

पंधरा लाल. प्रत्येक लालनंतर सगळ्यात महाग रंगीत, म्हणजे काळा. एक अधिक सात, आठ. आठ पंधरे एकशेवीस. मग उरलेले सहा रंगीत : २ अधिक ३ अधिक ४ अधिक ५ अधिक ६ अधिक ७, झाले सत्तावीस. एकशेवीस आणि सत्तावीस, एकशे सत्तेचाळीस. एका फ्रेममध्ये, समोरच्याने फाउल करून जादा चेंडू दिला नसेल तर, याहून मोठा ब्रेक होत नाही. कागदावर झालं की नाही सोपं? आता मोज : पंधरा लाल, पंधरा वेळा काळा, सहा रंगीत. छत्तीस फटके. छत्तिसांतला एकही चुकायचा नाही, आणि प्रत्येक फटक्यानंतर पांढरा चेंडू असा थांबवायचा, की पुढचा चेंडू नेमका समोर यावा. भलेभले व्यावसायिक आयुष्यभर खेळून एकदाही १४७ करत नाहीत.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे दिल्लीनंतर दहा महिन्यांनी, जर्मनीतल्या फ्यूर्थ शहरात पॉल हंटर क्लासिक ही स्पर्धा चालू होती. आदित्य मेहता टेबलाजवळ आला. लाल, काळा, लाल, काळा करत पंधरा जोड्या संपल्या. मग पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, आणि शेवटी काळा. १४७! व्यावसायिक स्पर्धेत भारतीयाने केलेला हा पहिला १४७.

आणि ते छत्तीस फटके होईपर्यंत समोरच्या खुर्चीत क्यू घेऊन बसला होता स्टीफन मॅग्वायर.